कंदील माशांचे शिर्के सर

शिर्के सरांच्या खिशात तीन वस्तू कायम असत: एक शिट्टी, एक मेणबत्ती आणि स्वतःचा रक्तगट लिहिलेली चिठ्ठी. शिट्टी लिफ्टमध्ये अडकलो तर, मेणबत्ती दिवे गेले तर, आणि चिठ्ठी बाकी सगळ्यासाठी. काडेपेटी मात्र नसे. खिशात आग घेऊन हिंडणं त्यांना पटत नसे. "मग मेणबत्ती पेटवणार कशी?" असं मी एकदा विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "कोणाकडे तरी असतेच ने, वैद्यबाई."

बडोद्याच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि सर प्राणिशास्त्र. दोन्ही विभागांचा व्हरांडा एकच, त्यामुळे वीस वर्षं त्यांच्या भीत्या मी अगदी जवळून पाहिल्या. भूकंपाची, कुत्र्याची, पंख्याच्या स्क्रूची, रिक्षाच्या उघड्या बाजूची. रिक्षात ते दोघांच्या मध्ये बसत, बसमध्ये मधल्या रांगेत आणि मीटिंगला मधल्या खुर्चीवर. गोरव्याला राहत असल्यामुळे तिथल्या कारखान्यांतून कधी वायू सुटला तर म्हणून दाराशी एक ओला पंचा लटकत असे. तो वाळला की सर स्वतः भिजवत. शेव-उसळ खायला आम्ही गेलो की सर तर्री न घेता नुसते वाटाणे खात आणि आमच्या लाल वाट्यांकडे काळजीने बघत.

त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोडेस्वार होते. हे सर स्वतःच सांगत आणि वर म्हणत, "मला घोड्याच्या फोटोचीसुद्धा भीती वाटते." एवढी भीती आली कुठून, लहानपणी काही झालं होतं का, असं मी खोदून विचारलं होतं. "भीतीला कारण लागतं का? माशाला विचारा," म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर मासाच असे.

मासाही कुठला, तर कंदील मासा. अरबी समुद्रात खोलवर राहणारा, बोटाएवढा, अंगाच्या मानाने भलेमोठे डोळे असलेला. पोटाखाली आणि कुशीला बारीक दिव्यांच्या रांगा. प्रत्येक जातीत दिवे वेगळ्या जागी असतात, त्यावरूनच जात ओळखायची. सर मायक्रोस्कोपला डोळा लावून सुईच्या टोकाने ते दिवे मोजत बसायचे. जाळ्यात घासून खवले निघालेले असायचे, दिवे पुसलेले असायचे, तरी तासन् तास मोजायचे. हा मासा दिवसभर शेकडो मीटर खाली काळोखात थांबतो आणि सूर्य बुडला की लाखोंच्या थव्याने वर येतो. उजाडायच्या आत परत खाली. चांदणं असेल तर पुरता वर येतच नाही.

"आणि दिवे कशाला लावतो माहीत आहे?" हे सांगताना सरांचा आवाज चढत असे. "खालून शिकारी बघत असतो. वरून थोडा उजेड झिरपत असतो. त्या उजेडात याची सावली दिसली तर संपला. म्हणून हा पोटाखाली बरोबर तेवढाच उजेड लावतो. लोक दिवा लावतात दिसावं म्हणून, हा लावतो दिसू नये म्हणून. केवढा शहाणा भित्रा, वैद्यबाई!"

पूर्वी जहाजावरच्या खोली मोजणाऱ्या यंत्राला या माशांचा थवा इतका दाट लागायचा की यंत्र तिथेच समुद्राचा तळ दाखवायचं. संध्याकाळ झाली की तो तळ हळूहळू वर येऊ लागायचा. "खलाशांचं काय झालं असेल!" असं म्हणून सर अंग चोरून घेत, पण मनातून त्यांना फार आनंद होत असे. कोणीतरी आपल्याइतकं घाबरलं, याचा तो आनंद होता.

थवा समजावताना ते गरब्याचं उदाहरण देत. सर गरबा गच्चीवरून बघत, चेंगराचेंगरीच्या भीतीने. पण काय बघत! "हजारो माणसं गोल फिरतात. कोणी कोणाला आपटत नाही. कधी वळायचं हे कोणी सांगत नाही. शेजारच्याचा खांदा वळला की आपण वळायचं. थव्याला पुढारी नसतो, फक्त शेजारी असतो." एकदा भर दुपारी त्यांनी वर्गाचे पडदे लावले, दिवे घालवले आणि चाळीस मुलांना बाकांमधून चालायला सांगितलं. एकमेकांना हात लावायचा नाही, एवढीच अट. दोन मिनिटांनी दिवे लावले तेव्हा सगळी मुलं एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती, आणि सर त्या घोळक्याच्या अगदी मधोमध. मुलं हसली. सर हसले नाहीत. "घाबरलेला जीव आधी शेजारी शोधतो. लिहून घ्या," म्हणाले.

अशा माणसाने समुद्र कधी पाहिलाच नव्हता म्हटलं तर कोणाला नवल वाटू नये. एकदा घरच्यांबरोबर किनाऱ्यापर्यंत गेले होते आणि बसमधून उतरले नव्हते. मासे बडोद्याला यायचे ते एका पाहणीच्या जहाजावरून, अल्कोहोल भरलेल्या बरण्यांतून. तीस वर्षं सरांचा समुद्र बरणीतच होता, आणि तेही झाकण घट्ट लावलेल्या.

मग हेतल आली. वाघोडियाहून रोज स्कूटरवर येणारी, बारीक अंगाची, कशालाच न भिणारी मुलगी. वडील तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करायचे. तिला डॉक्टरेट करायची होती, तीही कंदील माशाच्या वयावर, सरांच्या मार्गदर्शनाखाली. माशाच्या कानात बारीक खडे असतात, आपल्याही असतात. माशाच्या खड्यावर रोज एक वलय चढतं. खडा घासून पातळ करायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि वलयं मोजायची, की मासा किती दिवस जगला ते कळतं. हेतलने यासाठी चाळीस बरण्या मिळवल्या होत्या. जहाजावरून तिला एवढे मासे पुन्हा मिळणार नव्हते. सरांना तिचा अभिमान होता आणि तिच्या स्कूटरची धास्ती. घरी पोचल्यावर तिने "पहोंची गई" असा निरोप पाठवल्याशिवाय सर जेवायला बसत नसत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी बरण्यांच्या खोलीतल्या जुन्या स्विचबोर्डातून ठिणगी उडाली. सरांनी पाहिली. अल्कोहोलच्या चाळीस बरण्या आणि ठिणगी! ते धावत स्टाफरूममध्ये आले आणि वायरमन, वाळूच्या बादल्या, प्राचार्य असं सगळं एका दमात मागू लागले. मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, त्यापेक्षा बरण्यांना हेल्मेटच घाला ने." स्टाफरूम हसली. सरही हसले आणि आल्या पावली परत गेले. ते वाक्य मला आजही टोचतं.

हेतल सुट्टीत आणि नंतरही घरी बसून प्रबंधाचा पहिला भाग लिहीत होती. जानेवारीच्या शेवटी तिने खडे काढायला बरण्या उघडल्या. दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातात चिमटा तसाच होता. "मॅडम, एक मिनिट आवशो? कान खाली छे."

कान रिकामे म्हणजे काय, ते बघायला मी गेले. तिने माशाच्या डोक्याचा काप मायक्रोस्कोपखाली धरला होता. खडा असतो त्या जागी पोकळी, आणि तिच्या तळाशी खडूच्या भुकटीसारखं काहीतरी. दुसऱ्या माशाचं तेच. पाचव्याचंही तेच. तिला सर्दी होती म्हणून, नाहीतर तिलाही खोलीत शिरताच कळलं असतं. माझे डोळे चुरचुरत होते. बरण्यांत अल्कोहोल नव्हतं, फॉर्मॅलिन होतं. फॉर्मॅलिन पेटत नाही. पण त्यात टाकणखार घातला नाही तर ते हळूहळू आंबट होतं आणि कानातले खडे खाऊन टाकतं. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे सांगतात.

सर दारात उभे होते. हेतल वळून म्हणाली, "सर, बोटवाळाओए भूल करी." सर नुसतं "जोईए", बघू या, म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या टेबलाखाली फॉर्मॅलिनचे रिकामे कॅन मी सुट्टीनंतर पाहिले होते. कशाला आणले, हे मात्र विचारलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस सर कॉलेजात आले, बसले, गेले. डबा उघडला नाही. हेतल जहाजाच्या कार्यालयाला रागारागाने पत्रं लिहीत होती. तिच्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती आणि ती आता पुन्हा वाढणार नव्हती. मासे नाहीत तर प्रबंध नाही, पाच वर्षं पाण्यात. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी सरांना गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, कोणाला कळणार नाही." असं मी म्हणाले, हे कबूल करायला हवं. मला त्यांना वाचवायचं होतं, आणि थोडं स्वतःलाही.

सर कठड्यापासून दूर, भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "आठ दिवसांसाठी म्हणून बदललं होतं, वैद्यबाई. वायरमन आला की परत अल्कोहोल भरणार होतो. वायरमन आला नाही. मी रोज ठरवायचो आणि खोलीच्या दारातून परत फिरायचो. कोणाला सांगितलं असतं तर पुन्हा हसले असते सगळे." मग म्हणाले, "कळलं तर चार शिव्या बसतील. पण नाही कळलं तर ही पोरगी जन्मभर बोटवाल्यांना शिव्या देईल आणि मी शेजारी बसून हो हो म्हणेन. त्याची जास्त भीती वाटते."

त्याच दुपारी त्यांनी हेतलला बोलावलं. मलाही थांबायला सांगितलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्यांनी सगळं सांगितलं. ठिणगी, सुट्टी, कॅन, टाळलेले दिवस. आपली बाजू मांडली नाही, माझं नाव घेतलं नाही. हेतल आधी नुसतं "तमे?" एवढंच म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. आपल्या गुरूला उद्देशून तिने माझ्यासमोर "डरपोक" हा शब्द वापरला. सरांनी कबूल केलं, "हा. साची वात छे." ती रडत निघून गेली आणि त्या दिवसापासून तिचा "पहोंची गई" बंद झाला. सर पहिल्या दोन संध्याकाळी जेवलेच नाहीत, असं शैलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला नंतर सांगितलं.

मार्ग एकच उरला होता. मार्चमध्ये ते जहाज सौराष्ट्रातल्या एका बंदरातून निघणार होतं आणि त्यावर कॉलेजांसाठी थोड्या जागा होत्या. विद्यार्थ्याला एकट्याने जाता येत नव्हतं, सोबत त्याचा मार्गदर्शक हवा असा नियम होता. हेतलने तो नियम वाचला आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सरांना विचारलंसुद्धा नाही. विचारण्यात काय अर्थ होता? कागद सरांनी दुसरीकडून मिळवला. अर्जावर त्यांनी नाव लिहिलं ते इतकं थरथरलेलं होतं की क्लार्कने दुसरा अर्ज भरायला लावला. दुसराही तसाच आला. तोच त्याने घेतला.

बडोद्यात ओटीवर हिंचका नाही असं घर शोधावं लागतं. सरांच्या ओटीवरही होता, पण तो दोन्ही बाजूंनी दोरीने खिडकीच्या गजांना बांधलेला. आलेला पाहुणा त्यावर बाकावर बसल्यासारखा बसायचा. अर्ज भरला त्या संध्याकाळी सरांनी वहिनींना त्या दोऱ्या सोडायला सांगितल्या. जहाज हलतं, त्याची सवय करायची होती. मी गेले तेव्हा सर डोळे गच्च मिटून हिंचक्यावर बसलेले, मांडीवर वाटाण्यांची ताटली, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात रिकामी बरणी. वहिनी झोके देत होत्या. पायाशी बादली होती आणि ती रिकामी नव्हती. सर डोळे उघडायचे, एक वाटाणा चिमट्यात धरायचे, बरणीत टाकायचे, पुन्हा डोळे मिटायचे. निम्मे वाटाणे ओटीवर सांडले होते.

"पुरे करा हो," वहिनी म्हणाल्या.

"जोरात दे," सर म्हणाले.

दोन आठवडे हे चाललं. मी थट्टा करायची सोडून दिली होती. खरं सांगायचं तर मला आता त्यांची भीती वाटू लागली होती. माणूस सवयीने घाबरतो ते बघायला मजा वाटते. पण तोच माणूस समोरून चालत त्या भीतीकडे जायला निघाला, की बघणाऱ्यालाच त्याला अडवावंसं वाटतं. मी प्राचार्यांकडे जाऊन नियम वाकवता येतो का तेही विचारून आले. येत नव्हता.

बडोदा स्टेशनवर दुपारच्या गाडीला आम्ही त्यांना सोडायला गेलो. हेतल सामान मोजत होती. अजूनही ती सरांशी कामापुरतंच बोलत होती. वहिनींनी सरांच्या हातात डबा दिला. गाडी सुटली तेव्हा सरांनी हात हलवला नाही, कारण दोन्ही हातांनी सीट धरलेली होती.

जहाज सुटल्याचा फोन आला आणि नंतर फोन बंद. बारा दिवसांचा प्रवास होता. पाचव्या दिवशी टीव्हीवर अरबी समुद्रात वादळी वाऱ्याचा इशारा दाखवू लागले. कोळ्यांना माघारी बोलावलं होतं. मी अकोट्यातल्या माझ्या घरून गोरव्याला वहिनींकडे गेले, आणि पुढे रोजच जाऊ लागले. घरी बसवत नव्हतं. वहिनी हिंचक्यावर बसलेल्या असायच्या, पाय जमिनीला टेकवून, न हलता. आम्ही जहाजाच्या कार्यालयाला फोन करायचो. "संपर्क थई जशे," एवढंच ते सांगायचे. सहावा दिवस गेला, सातवा गेला. आठव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "नीलिमा, तीस वर्षं मी कशालाच घाबरले नाही गं. घरातलं सगळं घाबरणं हेच करायचे. मला वाटायचं मी मोठी धीराची आहे." आणि त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. माझ्या डोळ्यांसमोर काळं पाणी होतं आणि त्यात ते चिठ्ठी ठेवलेला खिसा दाबून धरलेले सर. हेल्मेटचं ते वाक्य मी परत परत ऐकत होते. नवव्या दिवशी दुपारी कार्यालयाचा फोन आला की जहाज ठीक आहे, काम चालू आहे.

सर परत आले ते निम्मे होऊन. छत्तीस बरण्या आणल्या होत्या, एकही फुटली नव्हती. समुद्राबद्दल विचारलं की म्हणायचे, "पाणी फार आहे," आणि विषय बदलायचे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी हिंचका पुन्हा बांधून टाकला. भीती एकही कमी झाली नाही. उलट दोन-तीन नव्या आल्या. पण हेतलचा "पहोंची गई" परत सुरू झाला. खडे शाबूत निघाले. तिने जूनच्या आत प्रबंध दिला आणि वर्षभरात तिच्या नावामागे डॉक्टर लागलं. सर मध्यंतरी निवृत्त झाले, आणि पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला घाबरलेल्या माणसाला शेवटी घाबरायला वेळच मिळाला नाही, याचं मला बरं वाटलं आणि मग खूप रडू आलं.

दिवस झाल्यावर हेतल वहिनींना भेटायला आली. मी तिथेच होते. निघताना ती घुटमळली. म्हणाली, "काकी, सरांनी मला सौगंध घातली होती, कोणाला बताववानु नाही. पण आता तुम्ही बघा." आणि तिने मोबाइल वहिनींच्या हातात दिला. जहाजावरच्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ होता. संध्याकाळची वेळ, आकाश राखाडी, जहाज एका अंगावर कलतंय आणि सावरतंय. डेकवर जाळं ओतलेलं, त्यात चांदीसारख्या माशांचा ढीग. सरांनी स्वतःला कमरेला दोरीने एका खांबाला बांधून घेतलं होतं. समोर अल्कोहोलच्या बरण्या. ते चिमट्याने एक मासा उचलत होते, बरणीत सोडत होते, झाकण लावत होते, पुढची बरणी घेत होते.

आणि रडत होते. डोळ्यांत पाणी येणं वेगळं. सर मोठमोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसे रडत होते. प्रत्येक लाटेला आवाज चढत होता. हात मात्र चालूच होते. हेतलचा घाबरलेला आवाज आला, "सर, तमे अंदर जाओ. हुं करी लईश." सरांनी मान हलवली. तिच्याशी ते कायम गुजरातीत बोलत, पण तेव्हा मराठीत म्हणाले, "तू नंबर बोल, बेटा. मी रडतोय तिकडे बघू नकोस."

"एकत्रीस," हेतल म्हणाली.